जिभेखालची चकती

“अजून एक जिलबी घे ना,” भाकरी मोडत अच्युतराव म्हणाले.

त्यांना मधुमेह झाल्यापासून नवराबायको दोघांच्याही जिभेखाली चकत्या होत्या. कुमुदताईंनी खायचं आणि चव अच्युतरावांनाही यायची. कुमुदताईंना मुळात गोड आवडतच नसे. तरी त्यांनी घेतली.

काही वर्षांनी त्यांच्याही रक्तात साखर निघाली. “आता चकत्या काढून टाका,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताईंनी नाक दाबून कारल्याचा रस तोंडाला लावला. पलीकडे पेपर वाचणाऱ्या अच्युतरावांचं तोंड वेडंवाकडं झालं.

“अहो, काढायच्यात ना चकत्या? आजच जाऊ.”

“राहू दे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं जिलब्या मीच खाल्ल्या ना?”