काळ्या दाण्यांचा पेला

लोरेंत्सच्या बायकोला मुलगा झाला, पण रक्त थांबेना. गुंडेल सुईणीने राय धान्याच्या कणसांवरच्या बुरशीचे काळे दाणे कुटून बिअरमध्ये कालवले. त्याने गर्भाशय मुठीसारखं आवळतं. पेला ओठांशी नेताना तिचा हात बाळंतिणीच्या पोटावर टेकला आणि आतून लाथ बसली. तिने पेला खाली ठेवला. “पाज ना, म्हातारे! ती चालली!” लोरेंत्स ओरडला. “पोटात दुसरं आहे. आत्ता पाजलं तर दोघंही जातील.” “मरू दे ते! मला बायको हवी!” त्याने पेल्यावर झडप घातली. गुंडेलने त्याला ढकलून हात आत सरकवला. पायाळू मुलगी आली, निळी, निपचित. तिला बापाच्या हातात कोंबून सुईणीने पेला बाळंतिणीच्या तोंडाला लावला. रक्त ओसरलं. जिच्यावर पाणी सोडलं, तिलाच चोळत लोरेंत्स विनवत होता, “रड ग, बाय माझी, रड!” ती रडली.