टेकाडावरची लागवड

कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीच्या टेकाडावर झाडं लावायची, असा आराखडा कंपनीने सरकारी तपासणीला पाठवला आणि खाणीवरच्या माळीणबाईंनी हौसेने रोपं तयार केली. आराखडा मात्र परत आला, कारण नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. पुढच्या वर्षी उतार अर्ध्या अंशाने चुकला, त्याच्या पुढच्या वर्षी अनुक्रमणिका जोडायची राहिली. पिशव्यांतली रोपं माना टाकायला लागली, तेव्हा बाईंना राहवेना. "कागद यायचा तेव्हा येईल, तोवर ही लेकरं कुणाच्या भरवशावर ठेवू?" म्हणत त्यांनी सासूबाईंना हाताशी घेतलं आणि कुणालाही न विचारता एकेक रोप टेकाडावर नेऊन लावलं.

नवव्या वर्षी तपासणी अधिकारी स्वतः आले. उन्हाने त्यांचा जीव कासावीस झाला होता. बाईंच्या झाडांखाली सतरंजी टाकून ते चार घास जेवले, वर घटकाभर डुलकीही काढली. उठल्यावर खूश होऊन म्हणाले, "मावशी, काय गार वाटतंय हो इथे! तुमचा आराखडा मी आजच मंजूर करतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आठवड्याभरात मंजुरीचं पत्र आलं. कंपनीचा इंजिनिअर ते बाईंना मोठ्याने वाचून दाखवू लागला आणि पहिलीच अट त्याने दोनदा वाचली.



"लागवडीपूर्वी जागेवरील सर्व झाडे तोडावीत व जागा रिकामी असल्याचा फोटो जोडावा."