हातभर अलीकडे

“आणि हे काय गं, आई? गाळणं?”

“मुसकं. बैलाच्या तोंडाला बांधायचं. उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून.” आई न थांबता म्हणाली. “तुझ्यासाठीही एक करून घ्यायला हवं होतं.”

लेक खळखळून हसली. पन्नाशी उलटली होती, गाडी शिकवण्याचा स्वतःचा वर्ग होता, तरी घरात तिचं नाव अजून ‘चौकशी खिडकी’च होतं. जुन्या घरातल्या आणि शेतीतल्या वस्तूंचं संग्रहालय उघडलंय असं कळल्यापासून तिने आईच्या मागे टुमणं लावलं होतं. आईचं एकच म्हणणं: “जे उचलून उचलून कंबर मोडली, ते आता तिकीट काढून बघायचं?” शेवटी आली ती गाडीतून चक्कर होईल म्हणून.

मूळचं ते धान्याचं कोठार. भिंतींना नवी सफेदी, वस्तूंवर पिवळे दिवे. लेक एकेका वस्तूला जवळजवळ नाक लावत होती. नांगराचा फाळ एकाच बाजूने का झिजला? उखळाचा तळ इतका गुळगुळीत कशाने झाला? आई एका शब्दात उत्तर द्यायची आणि पुढे सरकायची. फक्त ताक घुसळायच्या रवीपाशी ती क्षणभर रेंगाळली. दोरीची टोकं धरल्यासारखे तिचे हात हवेतच पुढेमागे झाले. मग लेक बघतेय हे लक्षात येताच तिने ते पदराखाली घेतले.

दालनाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक खुंट होता. गुडघ्याएवढा, खालून तासून टोकदार केलेला. डोक्यावर फिरती लोखंडी कडी. कडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाचा रुंद पट्टा, आतून कापूस भरून शिवलेला.

“करडू बांधायचं असणार,” लेक स्वतःशीच म्हणाली. “पण करडाला एवढी गादी?”

तिने चष्मा लावून खालची पाटी वाचली: ‘शेतात काम करताना लहान मूल बांधून ठेवण्याचा खुंट.’

“आई! इकडे ये! पुरावा सापडला!”

आई दाराशी पोहोचली होती. ती सावकाश परत आली. दालनात देखरेखीला असलेली मुलगीही आवाज ऐकून जवळ आली. लेकीला तेवढंच हवं होतं.

“मला असंच वाढवलंय हिने. वासरासारखं! पोटाला पट्टा, पट्ट्याला दोरी. केवढीशी होते, तरी अजून आठवतं. ही खुरपत खुरपत पार लांब जायची. मी घसा फोडून रडायचे, आणि ही बाई एकदासुद्धा मागे वळून बघायची नाही!”

ही गोष्ट ती चार माणसं जमली की सांगायची. साभिनय सांगायची. लोक पोट धरून हसायचे आणि तीही हसायची. पण शिकाऊ माणसाला पट्टा लावल्याशिवाय किल्लीला हात लावू न देणाऱ्या या बाईने स्वतःच्या मुलांना बाबागाडीत कधी पट्टा लावला नव्हता. आई त्या गोष्टीवर कधी काही बोलली नव्हती. उठून चहा ठेवायला जायची.

इथे चहा ठेवायला जागा नव्हती.

“आजी, कडी फिरती का ठेवलीय?” देखरेखीच्या मुलीने विचारलं. “सगळे विचारतात. मला सांगता येत नाही.”

“पोर गोल गोल फिरतं. दोरी गुंडाळून आवळली जाऊ नये म्हणून.”

“आणि दोरी केवढी ठेवायची?”

“विहिरीच्या हातभर अलीकडे संपेल एवढी.”

“विहीर?” लेकीने वळून पाहिलं. “आपल्या शेतात कुठे होती विहीर?”

“होती. कठडा नव्हता तिला. तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी तुझ्या बाबांनी बुजवली.”

“मग मला तिच्याजवळ कशाला बांधायचीस?”

“झाड तिथे एकच होतं. बाकी सगळं रान उघडं, तापलेलं.”

“दोरी आखूड ठेवायची की मग!”

“ठेवून बघितली. जास्त रडायचीस.”

मग इतकी वर्षं जे हसत हसत सांगितलं होतं, ते लेकीने पहिल्यांदाच न हसता विचारलं.

“पण मी एवढी रडायचे, तर मागे वळून का नाही बघायचीस गं?”

“रडत होतीस तोवर मला घोर नव्हता,” आई म्हणाली. “आवाज यायचा ना कानावर. हात चालू राहायचा. तू गप्प झालीस की खुरपं टाकून पळत यायचे. बघायचे, तर तू झोपलेली असायचीस.”

देखरेखीची मुलगी हळूच बाजूला झाली. लेकीने पुन्हा पेटीकडे पाहिलं. पट्ट्यावरचे टाके बारीक, जवळजवळ घातलेले होते. कापडाची कड कुठेही टोचू नये म्हणून आत मुडपली होती. हे तिला मघाशी दिसलं नव्हतं. तिला काहीतरी मऊ बोलायचं होतं. पण तोंडातून निघाली ती सवयीची शंकाच.

“तरी पण आई, एवढंसं पोर. धड चालता न येणारं. ते विहिरीपर्यंत जातं होय?”

आईने काचेवर तळहात टेकला.

“जातं,” ती म्हणाली. “तुझ्याआधी मला एक मुलगा होता. त्याला मी मोकळं सोडलं होतं.”