रिकामं ताट पाठवू नये

या घरात नाताळला केक होणार नाही, हे गोपाळकृष्ण मास्तरांनी लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात जाहीर केलं होतं. नियम यंदाही लागू होता. ऐकायला चारुशीला तेवढी नव्हती.

ती जुलैत मुदतीच्या तापानं गेली. म्हणून आज करंज्या मास्तरांनी स्वतःच तळल्या. मुरड सुटली, काही कढईतच फुटल्या, पण तत्त्व शाबूत राहिलं. अंडं नाही, साखर नाही, सारण गुळाचं. चहासुद्धा गुळाचाच. साखरेनं कफ होतो असं मास्तरांचं मत होतं, आणि त्या घरात साखरेचा डबाच नव्हता.

पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा पाद्रीसाहेबांनी त्यांना 'गॅब्रिएल' हे नाव सुचवलं होतं. मास्तरांनी ते नाकारलं. त्यांचा देव बदलला होता, मतं नव्हती.

अंड्याचा नियम आईसाठी होता. तुळजापुरातल्या पुजाऱ्याच्या घरातला मुलगा बाटला म्हटल्यावर आईनं त्याच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं आणि विषय मिटवला. मास्तरही हट्टाचे. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर केलं, पण आईच्या गल्लीत पुन्हा पाय ठेवला नाही. तरी नाताळचं पहिलं ताट आईकडं जायचं, आणि तिला चालणार नाही असं त्यात काही असता कामा नये. ताट चारुशीला न्यायची. बाईमाणसाला कुणी काही बोलत नाही, असंही मास्तरांचं एक मत होतं.

आणि ताट कधी रिकामं परत आलं नाही. जाळीच्या रुमालाखाली चिमूटभर साखर असायचीच, लवंगेचा वास लागलेली. मुंग्या होऊ नयेत म्हणून आई साखरेच्या डब्यात लवंगा टाकायची. ही हकीकत चारुशीलेला दर नाताळला ऐकावी लागे. ती साखर मास्तरांनी जिभेवर ठेवल्याशिवाय घरात करंजीला हात लावायचा नाही. आई साखर पाठवते आहे, तोवर आपण तिचा मुलगा आहोत. त्यांचा नाताळ एवढाच होता.

"काय म्हणाली?" ते विचारायचे.

"काही नाही. ताट घेतलं."

"साखर स्वतःच्या हातानं घातली?"

"खा ना आता," ती म्हणायची.

एका वर्षी तिचे डोळे लाल होते. ऊन लागलं म्हणाली. डिसेंबरातलं ऊनही लागतं, हे मास्तरांना पटलं.

"एकदा तरी केक करू या हो," असंही ती म्हणायची. तिचं लहानपण सोलापूरच्या मिशन बोर्डिंगात गेलं होतं.

"पुढच्या वर्षी बघू," मास्तर म्हणायचे.

यंदा ताट पाणी भरणाऱ्या गजराबाईकडं दिलं. जाळीचा रुमाल सापडेना, म्हणून वर पंचा टाकला. गजराबाई लवकरच परतली. मास्तरांनी पंचा उचलला. खाली नुसतं पितळ होतं.

"साखर?"

"कसली साखर, मास्तर? एक बाई आली, कट्ट्यावर ठीव म्हणली. ठिवलं. मग मोकळं करून पुढं सारलं."

"म्हातारी दिसली का?"

"म्हातारं माणूस न्हाय दिसलं कुनी."

मास्तर खाली बसले. आल्या ताटात काहीतरी घालूनच ते परत करावं, रिकामं ताट पाठवू नये, हे त्यांना आईनंच शिकवलं होतं. सुतकातलं घर तेवढं कुणाला काही देत नाही.

म्हणजे आई गेली. बाटलेल्या मुलाला कोण कळवणार?

बऱ्याच वेळानं ते उठले आणि आडावर जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. ख्रिस्ती माणसाला सुतक नसतं, हे प्रार्थनामंदिरात इतरांना मास्तरच समजावून सांगत. मग तसेच ओले, अनवाणी, ते त्या गल्लीत शिरले.

आई ओट्यावर उन्हात बसून वाती वळत होती.

"आई," मास्तर म्हणाले. आवाज शाळेतला नव्हता.

आईनं मान वर केली नाही. ती दारातल्या गाईशी बोलली. "कपिले, कोण गं हे ओलंचिंब आलंय? बाधेल म्हणावं."

गाईपुढं करंज्या पडल्या होत्या, मुरड सुटलेल्या. मास्तरांना राग आला नाही. यंदाच्या करंज्या त्याच लायकीच्या होत्या.

"ताट रिकामं आलं, आई. मला वाटलं, तू..."

"सांग गं याला, मी आहे. गेला तो."

"दर वर्षी साखर असते."

"कपिले, हा कुठली साखर म्हणतोय? गेलेल्या माणसाच्या घरी साखर धाडतं का कुणी?" तिच्या बोटांत वात तुटली. मग तिनं गाईलाच विचारलं, "आणि ती दरसालची बाई का नाही आली यंदा?"

"ती गेली, आई. जुलैत."

आईनं दुसरी वात घेतली. ती काही केल्या वळेना. "ऊन उतरलं गं," ती गाईला म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत आत गेली.

घरी पोचेपर्यंत मास्तरांचं मत तयार झालं. आई थकली. सत्तरी उलटली की माणसाच्या ध्यानात राहत नाही. आपण दर वर्षी साखर घालतो हेच बिचारी विसरली. पुढच्या वर्षी आठवेल.

त्यांनी ताट पुसलं. पुढच्या वर्षी पंचा नको, रुमालच हवा, म्हणून चारुशीलेची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. लुगड्यांच्या तळाशी जाळीचा रुमाल सापडला. त्यात एक छोटी डबी गुंडाळलेली होती.

डबीत साखर होती, आणि मुंग्या होऊ नयेत म्हणून वर चार लवंगा.