दोष कोणी शोधला

"तर मंडळी, आता चंद्रशेखर सर स्वतः आपल्याला ती चीर दाखवतील!" अध्यक्षांनी माईकवरून जाहीर केलं आणि नेरूळच्या त्या हॉलमधले दिवे पटापट मालवले गेले.

चंद्रशेखर खुर्चीतून अर्धवट उठला. हे काय नवीन? पत्रिकेत नुसता सत्कार होता. शाल, श्रीफळ, काचेचं विमान, दोन शब्द आणि जेवण. विमान-अभियंत्यांचा वार्षिक मेळावा म्हणजे दरवर्षी एवढंच. यंदा अध्यक्षांना हौस आली होती. वर्षातला सगळ्यात मोठा दोष ज्यानं पकडला, त्यानंच तो सगळ्यांसमोर दाखवायचा. टेबलावर तो ब्रॅकेट मांडून ठेवलेला. तळहाताएवढा, पण विमानाच्या चाकांचा भार तोलणारा. शेजारी जांभळ्या उजेडाचा दिवा.

धातूतली केसाएवढी चीर साध्या उजेडात दिसत नाही. भागाला चमकणारं तेल लावायचं, पुसायचं आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. तेल मुरलं असेल तिथं हिरवी रेघ उमटते. हे चंद्रशेखरला पाठ होतं. नुसतं पाठच होतं हो! त्या अंधाऱ्या खोलीत रोज आठ तास बसायची ती जयमाला. दिवाळे गावची, कंत्राटावरची. आत्ता ती तिसऱ्या रांगेत बसली होती, अबोली रंगाची साडी नेसून.

मार्चमध्ये तिनंच हा ब्रॅकेट त्याच्या टेबलावर आणून ठेवला होता. "काही नाही गं, ओरखडा आहे. पास कर," हा म्हणाला होता. ती हटली नाही. 'नापास'ची लाल चिठ्ठी बांधूनच गेली. मग सगळा लॉट तपासला, तर आणखी अकरा ब्रॅकेट चिरलेले निघाले. वरपर्यंत बोलबाला झाला, आणि अहवालातल्या 'दोष कोणी शोधला' या रकान्यात ह्या गृहस्थानं खुशाल स्वतःचं नाव लिहिलं. कंत्राटी माणसाचं नाव कोण बघतंय, अशी मनाची समजूत घालून. बघणार होते ना! जूनमध्ये त्याच रकान्यातली नावं बघून कंत्राटी माणसं कायम झाली. जयमाला तेवढी मागे राहिली, आणि येत्या तीस तारखेला तिचं कंत्राट संपत होतं.

चंद्रशेखरनं दिवा उचलला, ब्रॅकेट हातात घेतला आणि वाकला.

डोळ्यांपुढं काळोख. त्यानं दिवा जवळ आणला, तसा काळोख आणखी वाढला. क्षणभर त्याला कळेचना. मग कळलं. चष्मा! उन्हात गेलं की आपोआप काळा होणारा, दिवाळीत हौसेनं घेतलेला. जांभळ्या दिव्याखालीही तो काळाच होतो. 'रंग बदलणारा चष्मा घालून आत येऊ नये' अशी पाटीच होती त्या खोलीच्या दारावर. पाटीखाली सही ह्याचीच. पण खोलीत जायची वेळ कधी आली असेल तर ना!

त्यानं चष्मा काढला. प्लस साडेचारचा नंबर, जवळचंच दिसत नाही. ब्रॅकेट कुठं आणि टेबल कुठं, सगळं धुरकट. पुन्हा घातला.

"सापडली का, सर?" अध्यक्ष कुजबुजले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

तो ब्रॅकेट उगाच उलटासुलटा करत राहिला. इतक्यात तिसऱ्या रांगेत जयमाला उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, डावीकरं. दुसऱ्या भोकाच्या वर. थोरा तिरका धरा."

त्यानं चाचपडत दुसरं भोक शोधलं, ब्रॅकेट तिरका केला आणि तिनं सांगितलं तिथं बोट ठेवलं. काही म्हणता काही दिसत नव्हतं.

अध्यक्ष वाकले. "अरे वा! ही बघा, हिरवीगार रेघ! कमाल आहे सर तुमची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी अंधारात मान वळवली. "आणि या ताई कोण?"

एक वाक्य सांगायचं होतं. हिनं शोधली. संपलं. चंद्रशेखरच्या अगदी जिभेवर आलं होतं ते.

"आमच्याकडे... मदतीला असतात," तो म्हणाला.

"वा, वा! मदतनीससुद्धा इतक्या तयार!" हॉलमध्ये हशा पिकला. जयमालानं पदर सारखा केला आणि ती खाली बसली. धरणीनं पोटात घ्यावं असं चंद्रशेखरला झालं. आपण किती हलके आहोत, हे त्याला त्या एका मिनिटात पुरतं कळलं, आणि तरी तोंड काही उघडलं नाही.

दिवे लागले. शाल आली, श्रीफळ आलं, काचेचं विमान हातात आलं. हॉल लख्ख उजळला होता, ह्याच्या चष्म्यावरचा काळोख मात्र उतरेना. एसीच्या गारव्यात त्या काचांना वेळच लागतो.

"त्या ताईंनाही घ्या फोटोत!" अध्यक्षांना उदारपणाचं भरतं आलं होतं. जयमाला वर आली आणि त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. "सर, चष्मा काढा ना. डोळे दिसत नाहीत."

"दोन मिन्टं थांबा, सायेब," जयमाला हळूच म्हणाली. "काला रंग आपोआप उतरंल. मंग दिसतील डोले."

चंद्रशेखरनं चष्मा नाकावर घट्ट दाबला.

"नको," तो फोटोवाल्याला म्हणाला. "फोटो आत्ताच काढ."