काळ्यावर काळं

"पुसलंय! सरळ पुसलंय माझं नाव!" ठिणगीनं माऊस टेबलावर आपटला.

वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्या माऊसनं काय केलंय बिचाऱ्यानं? आधी काय झालं ते सांग."

स्क्रीनवर दोन दीपगृहं शेजारी शेजारी होती. काळं आकाश, खाली खडक, आणि गोल फिरणारा पिवळा झोत. दोन्ही झोत एकाच लयीत फिरत होते. डावीकडच्या खडकावर 'ठिणगी' असं लिहिलेलं होतं. उजवीकडचा खडक कोरा होता.

"ही माझी सही, आणि ही त्या घुबडाची. परवा हेच नाव घेऊन फोरमवर आलाय आणि आल्या आल्या हे लावून बसलाय."

"सही हलते कशाला?"

"कागदावरची नाही गं. फोरमवर आपण काहीही लिहिलं की त्याच्याखाली आपलं एक चित्र आपोआप येतं, त्याला सही म्हणतात. बारा-पंधरा चित्रं एकामागोमाग दाखवली की ते हलल्यासारखं दिसतं."

"म्हणजे आपला शिक्काच."

"हो. तोच चोरलाय."

आकाश न्याहाळणाऱ्यांच्या त्या फोरमवर निम्म्या लोकांच्या सह्या ठिणगीनं केलेल्या होत्या. कुणाला शनीची फिरती कडी हवी असायची, कुणाला शेपटी फुलवणारा धूमकेतू. फाइल मर्यादेत बसवायची, रंग कमी करायचे, आणि तरीही हालचाल अडखळू द्यायची नाही. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लोक तिच्याकडे यायचे ते दीपगृह पाहून. इतकी वर्षं ते तिच्या नावाखाली फिरत होतं. फोरमवर तिची ओळखच 'दीपगृहवाली' अशी झाली होती.

फोरम चालवणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत. त्याचा निरोप सकाळीच आला होता. एकच सही दोघांची असू शकत नाही. दोघांनी मूळ फाइल दाखवावी, सगळे थर सुटे असलेली. जो खोटा ठरेल त्याचं खातं आजच बंद, कायमचं.

"मग दाखव की," वहिनी म्हणाली.

"जुन्या कॉम्प्युटरवर होती ती. तो मेला."

"माळ्यावर आहे ना तो? तुझ्या दादाला सांगते, काढेल खाली. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन—"

"वहिनी, तुला त्यातलं काही कळतं का? मेला म्हणजे मेला!"

वहिनीनं उशीचा अभ्रा जोरात झटकला. "बारशाला नाही ठेवलं, पण नाव मात्र अगदी बरोबर पडलंय हो तुला."

तेवढ्यात घुबडानं लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं, उघड. 'ताई, एक विचारू? यातलं आकाश तुम्ही कसं रंगवलंत?'

"बघ, बघ! चोरी करून वर शिकवणी मागतोय!" ठिणगीची बोटं कीबोर्डवर ताडताड आपटली. 'काळ्या रंगानं. एकदाच ओतला, झालं आकाश. तुम्हाला तेवढंही जमत नाही?'

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'घुबडराव, दिवसा दिसत नाही वाटतं,' कुणीतरी टोमणा मारला.

'बरं,' घुबडानं लिहिलं. 'मला तेवढंच विचारायचं होतं.'

"डोकं थंड आहे तुझ्या चोराचं," वहिनी म्हणाली.

"राहू दे थंड. मीही कच्ची नाहीये." ठिणगीनं खुर्ची वहिनीकडे वळवली. "गेल्या वर्षी माझा एक धूमकेतू असाच कुणीतरी ढापला. तेव्हाच मी या दीपगृहात पाचर मारून ठेवली. फाइलमध्ये काळ्याच्या दोन-तीन छटा होत्या, एकीसारखी दुसरी. त्यातली एक उचलली आणि आकाशाच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं. काळ्यावर काळं. खडकावरचं नाव पुसता येतं. जे दिसतच नाही ते काय पुसणार, कपाळ?"

"मग ते लोकांना दिसणार कसं?"

"ब्राइटनेस शेवटपर्यंत ताणायचा. काळं फिकं पडतं आणि लपलेलं वर येतं."

"त्याच्या चित्रात बघितलंस का तू? आहे तुझं नाव?"

"धाड चारचौघांत घालायची असते, वहिनी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघू दे त्याच्या घरातून माझं भांडं."

"आधी आपलं आपण बघून घ्यावं, असं आपलं मला वाटतं."

"तुला काहीही वाटतं!"

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. 'मुकादम, मूळ फाइल राहू द्या. दोन्ही चित्रं उतरवून घ्या, ब्राइटनेस पूर्ण ताणा आणि आकाशात बघा. ज्याचं नाव निघेल त्याचं दीपगृह. दुसऱ्याला हाकलून द्या. मला मान्य आहे.'

घुबडाचं उत्तर लगेच आलं. 'मलाही.'

हसणारे चेहरे थांबले. सगळे चित्रं उतरवून घेण्यात गुंतले असणार. ठिणगी टेबलाच्या कडेवर नखं वाजवत बसली. वहिनी घडी घातलेला टॉवेल हातात तसाच धरून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मुकादमानं दोन चित्रं टाकली.

पहिलं घुबडाचं होतं. आकाश राखाडी झालं होतं, आणि त्यात ठिणगीचं नाव कुठेच नव्हतं. आकाशभर आडवी, मोठी अक्षरं पसरली होती: घुबड.

"माझं पुसून स्वतःचं लिहिलंय हरामखोरानं!" ठिणगी किंचाळली. "माझं बघ! माझं चित्र बघ!"

वहिनी वाकून दुसऱ्या चित्राकडे बघू लागली. वरच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं, 'ठिणगी' होतं. आणि त्याच्या खाली, पार क्षितिजापर्यंत, त्याच आडव्या, मोठ्या अक्षरांत: घुबड.