अर्धी टोपली

म्हातारी आली तेव्हा टोपली आजही अर्धीच होती.

"आली बघा महायाजकाची आई," ओबेद म्हणाला. "खा लेको, आणि तिच्या पोराला उदंड आयुष्य मागा. तो मेल्याशिवाय आपली सुटका नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे."

हेब्रोन हे आसऱ्याचं गाव. त्याच्या वेशीआत पळून आलेले सगळे असेच, चुकून कुणाचा तरी जीव घेतलेले. कायदाच तसा: महायाजक, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातला सर्वांत मोठा पुजारी, मरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर मेलेल्याच्या भावानं कापून काढावं, त्याला दोष नाही; महायाजक मेला की मात्र त्याचा तो हक्कही संपला. एकाच्या हातून दगड घसरतो आणि त्याची सुटका तिसऱ्याच्याच मरणाला टांगून ठेवतात. वर म्हणायचं, देव दयाळू. म्हणून तर महायाजकाच्या आया इथे भाकरी पुरवतात, कपडे पुरवतात. दया कसली, भीती ती, कुणी त्यांच्या पोराचं मरण मागू नये म्हणून.

घराचं सपाट मातीचं छप्पर दाबताना मत्तनच्या हातून धाब्यावरचा दगडी रूळ घसरला होता. खालच्या गल्लीतून परगावचा एक तरणा मजूर चालला होता. मत्तननं त्याचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. आता त्या मजुराचा थोरला भाऊ वेशीबाहेर झऱ्यापाशी सुरा घेऊन बसून असे.

ओबेदनं टोपलीत डोकावलं. "एवढ्या मोठ्या घरची तू, आणि टोपली अर्धी? झग्याचा गळाही फाटका, जाड दोऱ्यानं टाचलेला. मंदिरातल्या बळीचं सगळं मटण पोरगा एकटाच खातो वाटतं."

म्हातारी हसली नाही. "वेशीबाहेरही एक भुकेला बसतो. त्याला देऊन आले."

"तो मला मारायला बसलाय, आई," मत्तन म्हणाला.

"म्हणूनच. भरल्या पोटी हात लवकर उठत नाही."

तिनं एक लोकरी झगा त्याच्या अंगावर घातला. खांद्यांत सैल होता, कुणा रुंद गड्याच्या मापाचा. "बाहेर जाऊ नकोस," एवढंच नेहमीसारखं बोलून ती गेली.

दोन दिवसांनी गावाहून निरोप आला. बापानं अंथरूण धरलंय, तुझंच नाव घेतोय. मत्तन वेशीपर्यंत धावला. झऱ्यावरचा माणूस उठून उभा राहिला. मत्तन मागे फिरला. पोटात तिची भाकरी होती, अंगावर तिचा झगा होता, तरी त्यानं गुडघे टेकले आणि तिच्या पोराचं मरण मागितलं. मग रोज मागितलं.

महायाजक गेल्याची बातमी यरुशलेमहून आली तेव्हा माणसं लाज सोडून नाचली. बाप अजून जिवंत होता, लगेच निघालं तर भेट होणार होती. पण मत्तन वेशीआतच म्हातारीची वाट पाहत थांबला.

तेवढ्यात म्हातारी वेशीतून आत आली. टोपली काठोकाठ भरलेली. ओबेदनं मान खाली घातली. मत्तन तिच्या पायांवर पडला.

"आई, तुझा मुलगा मी मारला. तुझं अन्न खाऊन त्याचं मरण मागितलं. मला क्षमा कर."

म्हातारीनं त्याच्या खांद्यावरचा झगा नीट केला.

"महायाजकाच्या आईला मी कधी पाहिलंही नाही रे. माझा धाकटा तुझ्या गल्लीतून चालला होता. ऊठ. थोरला झऱ्यावर बसलाय, आज तुमची दोघांची भाकरी एकत्रच बांधलीय."